बघितल्यासारखं

आई घरातून निघून गेली तेव्हा मी दाढी करत होतो. म्हणजे घरातच होतो, दोन भिंतींपलीकडे, आरशासमोर, आणि एका गालाला फेस होता. त्या दिवशी मला सुट्टी होती आणि आईजवळ थांबायची पाळी माझी होती. ही कामावर जायला निघाली होती आणि खाली बसची वाट बघता बघता तिने नेहमीसारखा फोन केला. गॅस? बंद. आईंची गोळी? दिली. वरची कडी? लावली. हा आमचा नेहमीचा पाठ. आईचं विसरणं वाढलं तेव्हा हिनेच तो थट्टेनं सुरू केला, की तुला माणसासारखं विचारलं तर ऐकू येत नाही, तुझ्या विमानातल्यासारखं विचारलं की लगेच उत्तर येतं. खरंच येत होतं. मग थट्टा गेली आणि पाठ राहिला. त्या दिवशीही मी सगळी उत्तरं दिली, फोन बेसिनच्या कडेला ठेवला, उरलेला गाल उरकला, तोंड धुतलं आणि टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आलो, तर बाहेरचं दार सताड उघडं. आईच्या खोलीत पंखा फिरत होता आणि खुर्ची रिकामी होती. मी दाराकडे बघत राहिलो. वरची कडी आम्ही मुद्दाम उंचावर बसवून घेतली होती, कारण आईचा हात खांद्याच्या वर जात नाही. ती कडी नुसती लोंबत होती. खरं सांगायचं तर त्या पहिल्या क्षणी मला आईची काळजी वाटलीच नाही. मला वाटलं, हे कसं शक्य आहे, मी तर ती लावली होती.

मग काळजी वाटली, आणि अशी वाटली की बनियनवरच जिना उतरलो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोठा रस्ता आहे आणि तिथे ट्रक कुणासाठी थांबत नाहीत. मी उजवीकडे पळालो, मग उगाचच परत फिरून डावीकडे. रोज हजारो फुटांवरून नदी, रूळ, कारखान्याची धुरांडी ओळखणारा माणूस मी, आणि मला माझ्या गल्लीत एक पांढऱ्या केसांची बाई सापडेना. लोक वळून बघत होते. शेवटी औषधांच्या दुकानदाराने मला हाक मारली. आई त्याच्या काउंटरमागे स्टुलावर बसली होती, एका पायात चप्पल, दुसरा पाय धुळीनं भरलेला, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला मोठ्या अदबीनं सांगत होती, थांबा, जोडून देते. तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. माझं नाव तिला कधी आठवतं, कधी नाही, पण ते वाक्य काही जात नाही. दुकानदार भला माणूस, तो म्हणाला की मावशींनी आज माझं अर्धं दुकान सांभाळलं. माझा जीव भांड्यात पडला. मी तिच्या पायावरची धूळ माझ्या टॉवेलने पुसली, तेव्हा कळलं की टॉवेल अजून माझ्या खांद्यावरच आहे.

ही अर्धी रजा टाकून परत आली. आईला बघितलं, तिचे पाय बघितले, गुडघे, कोपरं, सगळं चाचपून बघितलं आणि मग माझ्याकडे वळली. लावली म्हणालास, एवढंच म्हणाली. मी म्हणालो, लावली होती. आणि मी खोटं बोलत नव्हतो. मला आठवत होतं. टाचा उंचावलेल्या, कडीचा गारवा, ती घट्ट बसते म्हणून तळहाताने दिलेला धक्का, सगळं. हिने विचारलं, मग उघडली कुणी? ह्या प्रश्नाला घरात एकच उत्तर शिल्लक होतं, आणि मी ते शोधायला आईच्या खुर्चीसमोर उकिडवा बसलो. आई, कडी तू काढलीस का, असं मी तिला विचारलं. आवाज मऊ होता, पण तिला फसवणं सोपं नाही. तिने माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि तिथे काय हवंय ते शोधून काढलं. "हो, काढली असेल मीच," ती म्हणाली. "चुकलं हं." दोन वर्षं ती असंच करते आहे. काही आठवत नसलं की समोरच्याला जे ऐकायचं असेल ते देऊन टाकते आणि विषय संपवते. ज्या बाईला आपला हात डोक्यापर्यंत नेऊन वेणी घालता येत नाही तिच्याकडून मी कबुली घेतली, आणि क्षणभर मला बरंही वाटलं. हिने ते सगळं ऐकलं. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

दुपारभर मी त्या आठवणीशी झगडत बसलो. टाचा, गारवा, धक्का. कुठल्या दिवसाचं होतं ते? कालचं असेल, परवाचं असेल, गेल्या महिन्यातलं असेल. रोज तेच केलं की दिवस एकमेकांवर बसतात आणि वरून बघणाऱ्याला एकच दिसतो. मी दाढीचा ब्रश हातात घेऊन लावली म्हणालो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे खरोखर एक लावलेली कडी होती, फक्त ती त्या सकाळची नव्हती. आणि मग असा विचार आला की मी उठून उभाच राहिलो. आईचं दुसरं काय होतं? ती जेवली नसताना जेवले म्हणते तेव्हा ती काही लबाडी करत नाही. तिला जेवल्याचं आठवतं. कुठलं तरी जेवण असतंच.

मी मालवाहू विमान चालवतो. लोकांना पायलट म्हटलं की चकचकीत काहीतरी दिसतं, म्हणून सांगतो. आमच्या कंपनीकडे दोन जुनी पंख्याची विमानं आहेत. आतल्या खुर्च्या कधीच काढून टाकलेल्या, भिंतीला जाळ्या, जमिनीवर घासून घासून उघडा पडलेला पत्रा. माल काहीही असतो. औषधं, मोटारींचे सुटे भाग, फुलांची खोकी, एकदा एक पियानो, आणि आठवड्यातून दोनदा कोंबडीची एक दिवसाची पिल्लं, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पेट्यांत. हवाई सुंदरी नाही, घोषणा नाही, मागून कुणी टाळ्या वाजवत नाही. पुढे आम्ही दोघं, मी डावीकडे आणि माझी को-पायलट उजवीकडे. ती माझ्या मुलीच्या वयाची असती, मला मुलगी असती तर. माल चढवणारे मुकादम तिला छोटी कॅप्टन म्हणतात आणि ती ते चालवून घेते. विमानतळावरचे आमचे मॅनेजर म्हणजे घड्याळ. त्यांना दुसरा विषयच नाही, म्हणून सगळे त्यांना घड्याळच म्हणतात, आणि त्यांना ते माहीत आहे.

तर आमच्या कामात असं असतं, की उड्डाणाआधी को-पायलट यादी वाचते आणि कॅप्टन उत्तर देतो. ती म्हणते इंधन, मी काट्याकडे बघतो आणि किती ते सांगतो. ती म्हणते दारं, मी दिवे विझलेत का बघतो आणि बंद म्हणतो. दोन माणसं अशासाठी, की एकाच्या डोळ्याला जे सुटेल ते दुसऱ्याला दिसावं. पण हे रोज, दिवसातून चार वेळा, वर्षानुवर्षं केलं की ते बोलणं गाण्याच्या चालीसारखं होतं. पुढची ओळ आपोआप येते. मला ज्यांनी शिकवलं ते म्हातारे कॅप्टन पट्टीनं बोटांवर मारायचे. हात लाव, बघ, मग तोंड उघड. त्यांचा सगळा राग त्या क्रमावर होता. मी तेव्हा तोंडातल्या तोंडात हसायचो. पुढे मीही नव्या पोरांना तेच शिकवलं, पट्टी सोडून. छोट्या कॅप्टनलाही शिकवलं. पहिल्याच आठवड्यात मी तिला झापलं होतं, की तुझं तोंड तुझ्या डोळ्यांच्या पुढे धावतंय, आणि ती अशी लाल झाली होती की मला वाईट वाटलं.

कडीच्या दुसऱ्या दिवसापासून मी स्वतःवर डोळ्यात तेल घालून पाळत ठेवली. ती इंधन म्हणायची आणि मी काट्यावर बोट ठेवायचो, थांबायचो, आकडा मनात वाचायचो, मग बोलायचो. पहिल्या दिवशी ती दचकली. तिच्या प्रश्नानंतर इतकी शांतता तिने माझ्या शेजारी कधी ऐकली नसणार. तिचा आवाज हळू झाला, आजारी माणसाशी बोलतात तसा. आम्हाला उशीर होऊ लागला. घड्याळ गाडी घेऊन विमानापाशी आले आणि खालूनच हातवारे करून विचारलं की काय बिघडलंय. मी अंगठा दाखवला. संध्याकाळी त्यांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की साहेब, तुम्ही आमचे सगळ्यात वेळेवरचे पायलट, तुमच्याकडूनच असं व्हायला लागलं तर बाकीच्यांकडे मी काय तोंडानं जाऊ. मी म्हणालो, सुधारतो. बाहेर आल्यावर कळलं की मी कशाला हो म्हणालो ते मी धड ऐकलंच नव्हतं.

मग मी आईच्या डॉक्टरांकडे गेलो, एकटाच. कंपनीच्या डॉक्टरांकडे जायचा प्रश्नच नव्हता. तिथे तोंडातून शब्द निघाला की तो कागदावर जातो, आणि कागदावर गेला की विमान गेलं. दर सहा महिन्यांनी ते माझे डोळे तपासतात, कान तपासतात, छातीवर तारा चिकटवतात, आणि दर वेळी मी ठणठणीत निघतो. अक्षरं मला शेवटच्या ओळीपर्यंत दिसतात. पण जे समोर आहे ते हा माणूस बघतो का, हे मोजायचं यंत्र कुणाकडे नाही. ते आमच्यावर सोडलेलं आहे. मी आज धड नाही, हे पायलटने आपणहून म्हणायचं, असा नियमच आहे, आणि इतक्या वर्षांत सर्दी सोडून दुसऱ्या कशासाठी तो कुणी वापरलेला मी पाहिला नाही. आईच्या डॉक्टरांना मी विचारलं की हे पुढच्या पिढीत येतं का. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, कुणाबद्दल बोलताय? मी म्हणालो, थोरल्या भावाबद्दल. बिचारा दादा, त्याला दहा वर्षांपूर्वीचे क्रिकेटचे स्कोअर पाठ आहेत. डॉक्टर म्हणाले, येऊ शकतं, नाहीही येणार, नुसती सवयही असू शकते, घेऊन या त्यांना. मग जरा थांबून म्हणाले की भाऊ काही जोखमीचं काम करत असतील तर मात्र लवकर आणा. मी म्हणालो, नाही, बँकेत आहे.

हिच्याशी ह्या विषयावर मी बोललो नाही. तीही बोलली नाही, पण तिने फोन करणं बंद केलं. कडीची वेगळी व्यवस्था झाली, म्हणजे दिवसभर थांबायला एक मावशी ठेवल्या आणि कडीचं काम त्यांच्याकडे गेलं. माझ्याकडून ते काढून घेतलंय असं कुणी म्हटलं नाही. रात्री जेवताना ही मला दिवस कसा गेला विचारायची आणि मी चांगला म्हणायचो, आणि म्हणून झाल्यावर दिवस आठवायचा प्रयत्न करायचो. भीती कशाची होती ते मला नीट माहीत होतं. विमान गेलं तर माझ्याजवळ काय उरतं? मला दुसरं काही येत नाही. घरी मी एक बदली माणूस आहे, भाजी आणणारा, बिलं भरणारा, कडी लावणारा, आणि आता तेही नाही. वर गेलो की माझे खांदे खाली येतात. ढगांच्या वर, माल मागे बांधलेला, खाली कुणाचं तरी गाव सरकतंय, आणि माझ्याकडून कुणाला काही नकोय, फक्त वेळेवर पोचणं. तिथे मी चांगला माणूस असतो. हे कुणाला सांगितलं तर हसतील, पण मला ते विमान आईइतकंच हवं होतं, आणि काही दिवस तर जास्त.

दोनेक आठवडे गेले. बोट ठेवायची नवी सवय बसली, वेग परत आला, घड्याळ खूश झाले. मला वाटू लागलं की निस्तरलं. एक सकाळ होती, स्वच्छ, वारा नावालाही नाही, आणि मागे पिल्लांच्या पेट्या छतापर्यंत. इंजिन सुरू व्हायच्या आधी त्यांचा चिवचिवाट पुढे येतो आणि मग पंख्यांच्या आवाजात बुडतो. आम्ही धावपट्टीच्या अलीकडे उभे राहिलो, पुढचं विमान उतरायचं होतं. ती यादी वाचत होती. दारं? बंद. इंधन? आकडा सांगितला. फ्लॅप? पंधरा. म्हणजे पंखांच्या मागच्या झडपा पंधरावर, उड्डाणासाठी लागतात तशा. ती पुढचा शब्द उच्चारणार तोच मला जाणवलं की माझं बोट त्या लहानशा तबकडीवर आहे आणि मी समोरच्या काचेतून उतरणाऱ्या विमानाकडे बघतोय. बराच वेळ बघत असणार, कारण त्याची चाकं टेकत होती आणि ते लांब असल्यापासून माझ्या नजरेत होतं.

"थांब," मी म्हणालो. "मी आत्ता बघितलं का?"

"पंधराच आहे, सर."

"ते नाही विचारलं. मी बघितलं का?"

तिने यादीचं पान मांडीवर पालथं ठेवलं. तिच्या बाजूच्या खिडकीतून गवताशिवाय काही दिसत नाही, पण ती तिकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाही, सर." आणि एकदा ते तोंडातून गेल्यावर बाकीचं थांबेना. "तुम्ही आधी बोलता. मग कधी बघता, कधी नाही बघत. हल्ली बोट लावता, पण नजर दुसरीकडे असते. मी बघून घेते सगळं. रोज घेते."

मी विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, मी आले तेव्हापासून, म्हणजे दीडेक वर्ष झालं. आधी तिला वाटलं सगळे जुने कॅप्टन असेच असतील. मग ती दुसऱ्यांबरोबर उडाली. दोनदा चुकीचं होतं, असं तिने मी विचारल्यावर सांगितलं, आणि दोन्ही वेळा तिने हळूच हात घालून ते बरोबर केलं होतं, माझ्या बोलण्यात खंड न पडता. का सांगितलं नाहीस असं मी विचारणार होतो, पण ते विचारायची मला लाज वाटली. पहिल्याच आठवड्यात जिला मी तोंड आणि डोळे शिकवत होतो ती पोरगी मला काय सांगणार होती? आणि मला एकदम ही दिसली, आईच्या मागून घरभर फिरताना. आईने धुतलेला कप ती नंतर पुन्हा धुते, आईने निवडलेली भाजी पुन्हा निवडते, आणि वर म्हणते, आई, किती काम केलंत आज. आई खुलते. मी ते बघून हिचं कौतुक करत आलो, की किती जपते. मला इतके दिवस असंच कुणीतरी जपत होतं, आणि मी स्वतःला सगळ्यात वेळेवरचा पायलट समजत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी लपवलं नाही, लपवायला तिथे जागाच नाही.

उतरलेलं विमान धावपट्टीवरून बाहेर वळलं. टॉवरने आम्हाला पुढे यायला सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाली की सर, आजचं मी नेते, तुम्ही नुसते बसा, संध्याकाळी ठरवू. ती मनापासून म्हणाली. आणि ते सहज जमलं असतं, हेच वाईट होतं. आजचं ती नेईल, उद्याचंही नेईल, मी बसून राहीन, आणि कुणी चौकशी केली की हो म्हणून टाकीन. मी टॉवरला सांगितलं की उड्डाण रद्द, आम्ही परत जागेवर येतोय. कानात टॉवरचा आवाज आला, तांत्रिक बिघाड आहे का? ह्या लहरीवर बोललेलं सगळं टेपवर जातं आणि मागे घेता येत नाही. नुसतं हो म्हटलं असतं तर मेकॅनिक आला असता, तास दोन तास झडपा तपासल्या असत्या, काही सापडलं नसतं, आणि दुपारी मी पुन्हा उडालो असतो. तो हो माझ्या जिभेवर येऊनही बसला होता.

"नाही," मी म्हणालो. "विमान ठीक आहे. कॅप्टन ठीक नाही."

मग टॉवरने कळलं म्हटलं, आम्हाला डावीकडे वळायला सांगितलं आणि आमच्या मागे उभ्या असलेल्या विमानाला पुढे बोलावलं.